बीन्सची वही

टिंग!

कोंबडी वाजली आणि अभ्यासाच्या खोलीतली पंचवीस मिनिटांची शांतता फुटली. अकरा मुलींनी एकदम श्वास सोडला. कुणी पाय ताणले, कुणी मान सैल केली. दाराजवळच्या पावाच्या टोपलीत पालथे पडलेले अकरा मोबाइल मात्र तसेच राहिले, कारण टोपलीशेजारी मार्गो बसली होती.

कोंबडी पत्र्याची. तुरा लाल, शेपटीचा रंग उडालेला. मान पिळून ठेवली की टिकटिक करत उलटी फिरायची आणि बरोबर पंचवीस मिनिटांनी ओरडायची. रो झीटाच्या घरात, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या त्या जुन्या मंडळाच्या वसतिघरात, ती कुणी आणली हे आता कुणालाच माहीत नव्हतं. मुली आल्या, शिकल्या, लग्नं करून गेल्या, पण कोंबडी काही उठली नाही.

"किती गणितं झाली?" मार्गोनं विचारलं.

"दोन," लिडिया म्हणाली.

"मघाशी तीन म्हणालीस."

"तिसरं चुकलं म्हणून खोडलं, ताई."

ताई वीस वर्षांची होती आणि लिडिया अठ्ठावीस. पण घराच्या अभ्यासप्रमुखाला ताई म्हणायचं हा तिथला नियम, मग ती वयानं कितीही असो. मार्गोनं कधी हसून तो सैल केला नव्हता. ती हसायची ती फक्त पर्लकडे बघून.

पर्ल टेबलाखाली होती. सहा वर्षांची. नुकतीच वाचायला लागलेली, त्यामुळे घरातलं काहीही तिच्या तावडीतून सुटत नव्हतं. दंतमंजनाची नळी, औषधाची बाटली, गाडीच्या काचेवरची सूचना, सगळं मोठ्यानं वाचायचं. "आई," खालून आवाज आला, "प्रमाण विचलन म्हणजे काय?"

"सरासरीपासून आपण किती भरकटलोय त्याचं माप," लिडिया म्हणाली. म्हणता म्हणता तिला वाटलं, हे माप आपल्यासाठीच शोधलेलं असावं. तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, कोडीबरोबर संसार मांडला, कोडीनं तो मोडला, आणि गेल्या ऑगस्टमध्ये मुलीचा हात धरून ती पुन्हा नर्सिंगच्या वर्गात येऊन बसली. तीन सत्रं राहिली होती. मंगळवारी संख्याशास्त्राची परीक्षा. ती हुकली की सत्र हुकलं.

पण मंगळवारच्या आधी रविवार होता, आणि रविवारी, म्हणजे आजच, रो झीटाचं वार्षिक जेवण.

या जेवणाला मुलींच्या घरची माणसं येत. ज्या मुलीला मागच्या सत्रात सरासरी चारपैकी तीन किंवा जास्त गुण, ती पांढऱ्या चादरीच्या टेबलावर स्टेक खाणार. तीनच्या खाली असेल ती वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर बीन्स खाणार. आणि घरची माणसं मुलीच्या पंगतीत. मुलीला बीन्स तर आईलाही बीन्स, आजीलाही बीन्स.

लिडियाला दोन पूर्णांक आठ गुण मिळाले होते. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

"अजून सांगितलं नाहीस?" मार्गो म्हणाली.

"ताई, तुम्ही माझ्या आजीला ओळखत नाही."

"ओळखते. जुन्या मुलींच्या भिंतीवर फोटो आहे."

बारा वाजता अंगणातल्या बर्फावर टायर करकरले. ख्रिसमसला जे झालं त्यानंतर लिडियाच्या घरच्या तिघी एका गाडीतून आल्या, हेच मोठं नवल. आधी उतरली आजी, आर्डिथ बेनेश. एकोणऐंशी वर्षांची, हातात कोलाचींचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा डबा, डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव. चर्चच्या जेवणात हरवलेले डबे तिनं आयुष्यभर असेच परत मिळवले होते. तिच्यामागून लिडियाची आई जॅनेल, ओठ घट्ट मिटलेले. शेवटी रोझान मावशी, जिचं गावात केस कापायचं दुकान होतं आणि जी कॉलेजात कधी गेलीच नव्हती. याची तिला सत्तावीस वर्षं दर सणाला आठवण करून दिली जायची.

"अहाहा, स्टेकचा वास!" आर्डिथ दारातच थांबली. "अठरा वर्षांची झाले बघा मी."

"आई, पायरी बघ," जॅनेल म्हणाली.

"पायरी काय बघू? या घरात मी तीनदा जेवले, आणि तिन्ही वेळा—"

"—पांढऱ्या टेबलावर," रोझान आणि लिडिया एका सुरात म्हणाल्या. बेनेशांच्या घरात हे वाक्य जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं सगळ्यांना पाठ होतं. जॅनेलही म्हणे त्याच टेबलावर जेवलेली. कुणाचे गुण कमी आले की आर्डिथ म्हणायची, आपल्या रक्तात बीन्स नाहीत. घरातसुद्धा ती कधी बीन्स शिजवायची नाही. म्हणायची, पोटात वारा धरतो.

जेवणघरात शिरताच आर्डिथ सरळ पांढऱ्या चादरीकडे निघाली. लिडियानं तिचा कोपर धरला.

"आजी. या बाजूला."

"तिकडे वर्तमानपत्रं टाकलीत गं."

"हो."

आर्डिथनं वर्तमानपत्राकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग पुन्हा वर्तमानपत्राकडे, जणू त्यात एखादी मरणाची बातमी असावी. "किती?"

"दोन पूर्णांक आठ."

"अरे देवा," रोझान म्हणाली आणि सगळ्यांत आधी खुर्ची ओढून बसली. "बसा गं. कागद स्वच्छ आहे. मी तर हवामान वाचत जेवीन."

बीन्स आल्या. गोड, तांबड्या, वाफाळलेल्या, शेजारी पावाचा एक तुकडा. पर्लनं लगेच चमचा घातला. "छान आहेत! घरी का नाही करत?" आर्डिथनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बशीकडे असं पाहत राहिली की बशीनंच माफी मागावी.

जॅनेल मात्र या संधीची वाट पाहत होती. "हे बघ लिडिया, मी रागवत नाही."

"हे वाक्य आलं की रागच असतो," रोझान पुटपुटली.

"तू गप्प बस. लिडिया, फ्रँककाकांना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. त्यांच्या धान्याच्या गोदामाच्या ऑफिसात नोकरी आहे. पर्लची शाळा समोर. माझं घर दोन गल्ल्यांवर. आता या गुणांवरून तरी तुला कळलं असेल. प्रत्येकाचं डोकं प्रत्येक गोष्टीत चालत नाही. त्यात लाज काय?"

"लाज नाही, तर मग काय?"

"मग घरी ये."

आईच्या आवाजात चीड असती तर लिडियाला उत्तर सुचलं असतं. पण तिथं काळजी होती, आणि काळजीला काय उलट बोलणार? तिनं पर्लच्या हनुवटीवरचा रस पुसला. तेवढाच वेळ मिळाला.

तितक्यात पांढऱ्या टेबलावरच्या मुली उठल्या. ही या जेवणातली खरी गोष्ट. प्रत्येक स्टेकवाली आपल्या बशीतला पहिला तुकडा कापते, तो एका बीन्सवालीच्या बशीत आणून ठेवते. बीन्सवालीनं तो खाल्ला की करार पक्का. सत्र संपेपर्यंत आठवड्याचे चार तास देणारीच्या समोर बसून अभ्यास करायचा. खायचा की नाही हे घेणारीनं ठरवायचं. पण खाल्ला की खाल्ला.

मार्गो आली. काट्यावरचा तुकडा तिनं लिडियाच्या बशीच्या कडेला ठेवला, जणू पोस्टात पाकीट टाकतेय.

"लिडिया, तो खाऊ नकोस," जॅनेल म्हणाली.

"अगं आई—"

"खाल्लास तर इथं अडकलीस. संध्याकाळी फ्रँककाकांना मी काय सांगू? आणि या पोरीला काय, हिला स्वतःचा अभ्यास नाही? कुणाच्या जिवावर उड्या मारतेयस तू?"

मार्गो जागची हलली नाही. "काकू, माझा अभ्यास सकाळी सहा ते आठ होतो."

"तुला कुणी विचारलं नाही, बाळ."

"बरोबर. पण तुकडा गार होतोय."

तुकडा गार होत होता. कडेची चरबी पांढरी पडायला लागली. लिडिया त्याच्याकडे बघत होती. खाल्ला तर आई दुखावणार. नाही खाल्ला तर, तिला अगदी स्पष्ट माहीत होतं, पुढच्या सोमवारी ती गोदामाच्या ऑफिसात मक्याच्या गाड्यांच्या पावत्या फाडत बसली असेल आणि ते काम तिला छान जमेल, आणि ते जमणं हीच खरी भीती होती.

वाद वाढणार हे ओळखून मार्गोनं बीन्सची वही पुढे केली. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड, पाठीला चिकटपट्ट्या लावलेली. बीन्स खाणारीनं तिच्यात नाव आणि घसरलेला विषय लिहायचा, शेजारी तुकडा देणारीचं नाव. "आधी सही तर करू," ती म्हणाली. "तुकड्याचं नंतर बघू."

पण वही पर्लनं पकडली. वाचायला नवीन काही मिळालं की तिला आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. तिनं वही भलत्याच टोकाकडून उघडली. पानं पिवळी, शाई फिकट.

"पणजी!" ती ओरडली. "ही तुझ्या डब्यावरची अक्षरं!"

"कुठली अक्षरं?"

"ही! डब्यावर आहेत तीच!" पर्लनं कोलाचीचा डबा ओढून वहीशेजारी ठेवला आणि बोटानं एकेक अक्षर जुळवून दाखवलं. "आर… डिथ. आर्डिथ! पुढे पण आहे काहीतरी. कु… बिक."

कुबिक हे आर्डिथचं माहेरचं आडनाव.

"त्या काळी आर्डिथ नावाच्या खंडीभर मुली होत्या," आर्डिथ म्हणाली.

"आणि कुबिक?" रोझाननं विचारलं.

"कुबिकही खंडीभर."

"आणि दोन्ही एकत्र?"

पर्ल पान उलटत होती. "इथे पण आहे! आणि इथे पण! पणजी, तू तीनदा आहेस!"

रोझाननं चष्मा चढवला. "सहासष्ट, रसायनशास्त्र. सदुसष्ट, रसायनशास्त्र. अडुसष्ट…" ती जरा थांबली, सण असल्यासारखा तो क्षण साजरा करत. "रसायनशास्त्र."

"आई?" जॅनेल म्हणाली.

उत्तर द्यावं लागणार होतं. आर्डिथला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, तोंडात घास असला की माणसाला बोलता येत नाही. तिनं समोर हात घातला, हाताला लागेल ते उचललं आणि तोंडात कोंबून जोरजोरात चावायला लागली.

मार्गोचे डोळे पहिल्यांदाच मोठे झाले. "आजीबाई. तुम्ही काय खाल्लंत?"

आर्डिथनं लिडियाच्या बशीकडे पाहिलं. कडेला फक्त चरबीचा ठिपका उरला होता.

आधी शेजारच्या टेबलावरची एक मुलगी फुटली, मग दुसरी, मग अख्खं जेवणघर हसायला लागलं. रोझाननं तर कपाळ वर्तमानपत्रावर टेकवलं.

"नियमाला वय नाही," मार्गो म्हणाली, आणि ती अजिबात गंमत करत नव्हती. "आठवड्याचे चार तास."

"अगं, मी नव्वद मैलांवर राहते!" घास गिळून आर्डिथ म्हणाली.

"फोनवर चालेल. कॅमेरा सुरू ठेवावा लागेल."

"आणि शिकू काय?"

"रसायनशास्त्र. वहीत तेच लिहिलंय."

मार्गोनं वेळ बघायला कोंबडी आणून टेबलावर ठेवली होती. इतका वेळ आर्डिथचं तिकडे लक्ष नव्हतं. आता गेलं, आणि तिचा तोरा आणि राग, दोन्ही एकदम गेले. तिनं हात लांबवून शेपटीवरचा उडालेला रंग चाचपला.

"ही अजून आहे?"

"तुझी आहे?" लिडियानं विचारलं.

"नोरीनची."

नोरीन. मागच्या पानगळीत जिच्या मयताला सगळ्या गेल्या होत्या ती, आजीची जन्माची मैत्रीण. लिडियानं वहीत पाहिलं. तिन्ही ओळींत, तुकडा देणारीच्या जागी, एकच तिरकी सही.

"तिनं तुला रसायनशास्त्र शिकवलं?"

"शिकवलं कसलं! तिला शिकवता येत नसे. स्वतःला सगळं यायचं, पण सांगायला गेली की मला येत होतं तेही विसरायला व्हायचं." आर्डिथनं कोंबडीची मान हळूच थोडी फिरवली. टिकटिक सुरू झाली. "ती फक्त समोर बसायची. मी उठले की म्हणायची, कोंबडी वाजली का? नाही ना? मग बस. तीन वर्षं ती मला उठू देत नव्हती, बस, एवढंच. चौथ्या वर्षी पास झाले."

"आणि पांढरं टेबल?" रोझान म्हणाली.

"ते तुझ्या आजीमुळे, माझ्या सासूमुळे. लग्नानंतर पहिल्याच रविवारी तिनं विचारलं, तुमच्या त्या घरात काय खायला मिळायचं? मी म्हटलं, स्टेक. आता एकदा स्टेक म्हटल्यावर दुसऱ्या रविवारी बीन्स कसं म्हणू?"

"पंचावन्न वर्षं?"

"रविवार काय थोडे असतात?"

"अगं आई," रोझान उभीच राहिली, "म्हणजे आपल्या घरात कॉलेजात न गेलेली मी एकटी, आणि खोटं न बोललेलीही मी एकटी!" आणि बोलता बोलता तिचं बोट वहीत पुढे पुढे सरकत होतं. सत्तरचं दशक, ऐंशीचं. नव्वदवर ते थांबलं. "थांब हं. नाही. हे तर त्याहून भारी. जॅनेल?"

जॅनेलनं बीन्सचा मोठा चमचा तोंडात घातला.

"इंग्रजी निबंध," रोझान वाचू लागली. "जॅनेल बेनेश. इंग्रजी निबंध! अगं, वाढदिवसाच्या कार्डावरच्या माझ्या चुका काढतेस तू!"

"आईला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं!" जॅनेल म्हणाली.

"घेतलं असतं," आर्डिथ म्हणाली. "फक्त बोलले नसते."

"महिनाभर!"

"दोन आठवडे. मी काही राक्षस नाही."

मग दोघी, आई आणि लेक, एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आधी कुणाचं तोंड वाकडं झालं ते कळलं नाही, पण हसू आलं ते दोघींना एकदमच आलं. लिडियाला आठवलं, ख्रिसमसला याच दोघी शेगडीच्या दोन बाजूंना उभ्या राहून सहा तास बोलल्या नव्हत्या.

हसणं ओसरल्यावर जॅनेलनं डोळे पुसले. "तरी माझं म्हणणं तेच," ती हळू म्हणाली. "तू हुशार नाहीस म्हणून नाही गं. तुझ्या डोळ्यांखाली बघ. एकटी आहेस तू. पोर सांभाळायचं, वर्ग, रात्रीची जागरणं. मला इथं येऊन बघवत नाही."

"एकटी नाही," लिडिया म्हणाली. "आई, स्वयंपाकघराच्या दारावर बघ."

जॅनेल उठली. दारावर एक मोठा कागद होता, वर पर्लचं नाव आणि खाली आठवड्याचे वार. सोमवार, शाळेतून आणणं. मंगळवार, सूप, पण गाजर बाजूला काढून. बुधवार, वाचन, तिलाच वाचू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. गुरुवार, डावा बूट चावतो, सैल बांधा. प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं. जॅनेल तो कागद एखाद्या पत्रासारखा वाचत राहिली. गुरुवारच्या ओळीवर तिचं बोट टेकलं.

"डावा बूट चावतो?" ती वळून म्हणाली. "मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर बूट घेऊन आली असतीस."

"आणले असते!"

"तेच."

जॅनेल परत येऊन बसली. बशी जवळ ओढत म्हणाली, "फ्रँककाकांना सांगते, बुधवारपर्यंत थांबा. मंगळवारी तुझी परीक्षा आहे ना, तोवर मी इथं राहते. सूप मी करीन."

"गाजर बाजूला काढून," मार्गो म्हणाली.

"मला आई व्हायला शिकवू नकोस, ताई," जॅनेल म्हणाली, आणि त्या 'ताई'वर मार्गो हसली. पर्लकडे न बघता.

मग मार्गो स्वतःच्या टेबलावर गेली आणि उरलेल्या स्टेकचा अजून एक तुकडा कापून घेऊन आली. हा मधला नव्हता, कडेचा होता, चिवट आणि पार गार झालेला. तिनं तो लिडियाच्या बशीत ठेवला, आणि या वेळी आर्डिथच्या हातापासून लांब.

लिडियानं आईकडे पाहिलं. जॅनेलनं मान हलवली नाही, पण नजरही फिरवली नाही. लिडियानं तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिली, चावत राहिली, संपता संपेना.

"आता वही," मार्गो म्हणाली.

लिडियानं शेवटचं पान काढलं, पेन घेतलं आणि लिहिलं, लिडिया, संख्याशास्त्र. शेजारी मार्गोनं सही केली. आर्डिथनं तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि खालच्या ओळीवर मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं, डब्यावर लिहिते तसंच, ठसठशीत. विषय: रसायनशास्त्र.

पर्ल आईच्या मांडीवर चढून बसली. तिनं दोन्ही नावं बोटानं वाचली, सावकाश, एकही अक्षर न गाळता. पणजीच्या नावाखाली पान कोरं होतं, फक्त निळ्या आखलेल्या ओळी. तिचं बोट पहिल्या कोऱ्या ओळीवर येऊन थांबलं. टेबलावर कोंबडी टिकटिकत होती.

"आई," तिनं विचारलं, "इथे कुणाचं नाव येणार?"